पाण्याखालचा खोटा बोगदा

बंद पडलेल्या खाणींवरच्या डिजिटल कलाकृती पाहताना मला सर्वांत आधी खटकते ती त्यांतली पारदर्शकता. काळ्या पडद्यावर लक्षावधी प्रकाशबिंदूंनी विणलेला बोगदा उमटतो, आपली नजर खडकातून आरपार जाते आणि खाणीचा सगळा पसारा एकाच वेळी डोळ्यांपुढे येतो. दृश्य देखणे असते, यात शंका नाही. पण ज्यांनी त्या बोगद्यांत आयुष्य काढले, त्यांपैकी एकानेही ती खाण अशी पाहिलेली नसते. त्यांना दिसत असे ते दिव्याच्या वर्तुळात मावेल तेवढेच. उरलेली खाण ते कानांनी ओळखत. छताला दिलेला लाकडी टेकू मोडण्याआधी करकरतो, म्हणून लोखंडी टेकूपेक्षा लाकडावर भरवसा ठेवणारे खाणकामगार अनेक देशांत होते. स्कॅनमध्ये टेकूची जाडी मिलिमीटरपर्यंत मिळते, करकर मिळत नाही.

हे बिंदू येतात लेझर स्कॅनरमधून. यंत्र प्रकाशकिरण सोडते, तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर मोजते आणि प्रत्येक मोजणीचा एक बिंदू नोंदवते. कोळशाचा काळा थर प्रकाश गिळतो, त्यामुळे तिथे बिंदू विरळ होतात. साचलेल्या पाण्याची गंमत याहून वेगळी आहे: किरण पाण्यावरून आरशासारखा उसळून छताला लागतो आणि त्याच वाटेने परततो, यंत्राला मात्र तो सरळच गेला असे वाटते. परिणामी पाण्याखाली, जिथे प्रत्यक्षात काहीच नाही तिथे, एक उलटा बोगदा नोंदला जातो. तंत्रज्ञ तो चूक म्हणून पुसतात आणि मोजणीच्या दृष्टीने ते योग्यही आहे. कलावंताने मात्र तो पुसण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

कारण सामूहिक स्मृतीतही अशा विरळ जागा आणि अशी प्रतिबिंबे असतात, आणि ती बुजवण्यात कोणाचा ना कोणाचा हितसंबंध असतो. जपानमधल्या हाशिमा बेटाचे उदाहरण घ्या. समुद्राच्या तळाखालून कोळसा काढणारी तिथली खाण १९७४ मध्ये बंद झाली आणि बेट ओस पडले. २०१३ मध्ये गूगलने स्ट्रीट व्ह्यूसाठी तिथली छायाचित्रे टिपली, तेव्हापासून त्या पडक्या इमारतींतून कोणालाही घरबसल्या फिरता येते. समुद्राखालचे बोगदे त्या फेरफटक्यात नाहीत. २०१५ मध्ये बेटाला जपानमधल्या इतर जुन्या औद्योगिक स्थळांसोबत जागतिक वारशाचा दर्जा मिळताना, १९४०च्या दशकात त्यांतल्या काही स्थळांवर कोरियन आणि इतर कामगारांना इच्छेविरुद्ध आणून राबवले गेले, हे जपानने मान्य केले होते. हा इतिहास पुरेसा मांडला जात नसल्याबद्दल जागतिक वारसा समितीने २०२१ मध्ये तीव्र खेद नोंदवला. म्हणजे ज्यांच्या आठवणींवरून वाद आहे ते कामगार नेमके त्या भागात राबले, जो पडद्यावर दिसत नाही.

अशा ठिकाणी हरवलेला बोगदा संगणकाने अंदाजाने रंगवून देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. त्यापेक्षा स्कॅन जिथे संपतो तिथे पडदा पूर्ण काळा होऊ द्यावा, आणि वाचलेल्या कामगारांची उकाड्याची, भुकेची कथने त्या काळोखात त्यांच्याच भाषेत ऐकू यावीत. अनुवाद लागलाच, तर तो दालनाबाहेर छापील कागदावर द्यावा.