बेल नव्हे, चार पानांचं

व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनीच पहिल्यांदा विचारलं, "बाहीवर बेल का गं शिवलाय? आणि बेलाला चार पानं?" मग नणंदेनं विचारलं, मग मिरजेच्या मैत्रिणींनी, आणि आता इथे कॅनडात, रिजायना शहरात भेटणारी मराठी मंडळीही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

जाकीट माझं नाही. पहिल्या हिवाळ्यात माझा मुंबईत घेतलेला कोट बघून शेजारच्या बाईंनी त्यांचं जुनं जाकीट हातात ठेवलं. बाहीवरचं पान क्लोव्हरचं, म्हणजे गवतात उगवणाऱ्या एका रोपट्याचं. ते सहसा तीन पानांचं असतं, चार पानांचं सापडलं तर नशीब फळफळतं असं इकडे मानतात. या पानांवर मात्र आकडे आहेत : 8, 9, 11, 22.

आमचं स्विफ्ट करंट म्हणजे सस्कॅचवान प्रांतातलं 17 हजार वस्तीचं गाव. इथला संघ ब्रॉन्कोज. 16 ते 20 वर्षांच्या पोरांची ज्युनियर आइस हॉकी, पण लीग मोठी, आणि तिच्यातलं सगळ्यात लहान गाव आमचं. संघाला कोणी शेठ मालक नाही, तो गावाचाच आहे. बाहेरगावची मुलं इथल्या घरांत राहतात, त्याला बिलेट म्हणतात. शेजारच्या बाईंकडे दरवर्षी एक असतो. त्यांच्या तळघरात हीटरजवळ हॉकीचे ग्लोव्हज वाळत असतात. तो वास मी सांगणार नाही. कोकणात जुलैत न वाळलेली सतरंजी आठवा आणि वर थोडी भर घाला.

संघ 1967 साली सुरू झाला. 1974 मध्ये तो लेथब्रिजला गेला आणि 12 वर्षं त्या गावाच्या नावानं खेळला. 1986 मध्ये गावानं तो परत आणला. पहिलाच मोसम, आणि 30 डिसेंबरला रिजायनाला सामन्यासाठी निघालेली बस गावाबाहेर पडते न पडते तोच रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या बर्फावरून घसरून उलटली. मागच्या बाजूला पत्ते खेळत बसलेली चार मुलं गेली : ट्रेंट क्रेसी, स्कॉट क्रूगर, ख्रिस मॅन्टिका आणि ब्रेंट रफ. रफ 16 वर्षांचा होता. आकडे या चौघांच्या जर्सीवरचे. भारतीय किराण्यासाठी आम्ही रिजायनाला जातो तो हाच महामार्ग. कडेला आता त्यांचं स्मारक आहे. तिथे नवरा आपोआप वेग कमी करतो, रस्ता कोरडा असला तरी.

इथपर्यंत सांगितलं की लोक पुढचं स्वतःच रचतात. आणि ते खरंही आहे : 1989 मध्ये याच संघानं सास्काटूनमध्ये, सास्काटूनच्याच संघाला जादा वेळेत 4-3 हरवून मेमोरियल कप जिंकला. कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतला हा सगळ्यात मोठा चषक. शेवटचा गोल टिम टिस्डेलचा.

पण मला ही गोष्ट एवढ्यावर थांबवलेली आवडत नाही. त्या संघाचा प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स. गावानं त्याला डोक्यावर घेतलं होतं. तो आपल्याच खेळाडूंचं लैंगिक शोषण करत होता. बसमधून वाचलेल्या शेल्डन केनेडीनं पुढे तोंड उघडलं, 1997 मध्ये जेम्सनं गुन्हा कबूल केला आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. फक्त साडेतीन! अपघातानंतर मुलांना समुपदेशनही मिळालं नव्हतं. बाहेरचं कोणी आत आलं तर आपलं बिंग फुटेल ही त्याची भीती होती, असं खेळाडूंनी नंतर सांगितलं. शेजारच्या बाई हा विषय निघाला की ओट्यावरचं फडकं उचलून स्वच्छच असलेला ओटा पुसायला लागतात. बिलेटच्या मुलाला मात्र रोज रात्री जेवताना "आज काय झालं?" असं विचारतात, आणि "काही नाही" हे उत्तर चालत नाही.

2018 च्या एप्रिलमध्ये याच प्रांतातल्या हम्बोल्टच्या संघाची बस ट्रकवर आदळली. 16 जण गेले. त्या संघाचं नावही ब्रॉन्कोजच. 1986 च्या बसमधले काही जण त्या मुलांना भेटायला गेले. काय बोलले असतील कोण जाणे, पण दुसरं कोण जाऊ शकलं असतं? त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या संघानं लीग जिंकली, तिसऱ्यांदा.

सासूबाईंना यातलं निम्मंच सांगितलं होतं. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "त्या पोरांच्या आया कुठल्या गं?"

"एक इथलीच. क्रूगर."

"मग ती पुन्हा मॅच बघायला गेली असेल?"

ते मला माहीत नाही. एवढंच सांगितलं, की 1989 च्या त्या संघात स्कॉटचे दोन भाऊ होते, डॅरेन आणि ट्रेव्हर. ट्रेव्हर गोलकीपर होता.

"म्हणजे तिनं पाठवलं," सासूबाई म्हणाल्या, आणि जाकिटाची चेन वर ओढ म्हणाल्या, घसा धरेल.