डावीकडनं, खालनं, कधीतरी

रविवारी दुपारी माहेरी जेवण जरा जडच झालं होतं, पुढच्या खोलीत पंख्याखाली आडवी झाले होते, डोळा लागतोय न लागतोय तेवढ्यात गल्लीच्या तोंडाच्या स्पीडब्रेकरवरनं भाच्याची गाडी आली. खट्‌. आणि त्याच्या शेपटाला धरून कुर्रर्र. झाली झोप.

"आत्या, ऐकलीस काय? आवाज यायलाय बघ."

"एक न्हवं, दोन हाईत," मी पडल्यापडल्याच म्हटलं.

भाचा दारात चपला न काढता तसाच उभा. त्याचा चेहरा पडला कारण तो बिचारा एकाच आवाजाच्या खर्चाचा हिशोब करत आला होता.

गाडी म्हणजे पिकअप, पण दुधाचे कॅन नाहीतर भाजी वाहणारी नव्हे, डबल कॅबिनवाली, चार दरवाजे, मागं हौदा, आणि त्यात ही उचललेली. पुढं स्प्रिंगच्या डोक्यावर स्पेसर घातलेत, मागं पाट्यांना लांब शॅकल, म्हणजे पाटे चेसीला टांगणाऱ्या पट्ट्या, लावलेत, त्यामुळं गाडी दोनेक इंच वर आणि मी साडीत असले की मला आत चढायला स्टूल. आमच्या गल्लीत अजून कुणाला कळलेलं नाही की एवढा मोठा हौदा असून हा त्यात काही भरत का नाही. शेजारचे काका दर हंगामाला विचारतात, "उसाला लावणार काय रं?" मी त्याला गाडी उचलायच्या आधीच सांगितलं होतं की बाबा, सुप्रीम कोर्टानं २०१९ सालीच म्हटलंय, नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, उद्या कुणी अडवलं तर काय सांगशील? तर म्हणाला, "आत्या, नाद असतोय." आता ह्याच्यावर कोल्हापुरात कुणी काय बोलायचं.

आवाजाचं माझं जरा विचित्रच आहे. मोठा आवाज चालतो मला. मिरवणूक जाऊ दे, शेजारी बोअर मारू दे, मी झोपू शकते. पण कुठनं येतोय ते माहीत नाही असा बारीकसा आवाज असला की मला घास गिळत नाही. लोकांच्या घरी हळदीकुंकवाला गेले की त्यांच्या पंख्याची टकटक ऐकत बसते, एकदोन ठिकाणी तर वाटी झाकणीखालचा स्क्रू पिळून आलेय, वाण हातात तसंच. वहिनी म्हणते, वन्संना जेवायला बोलवायच्या आधी फ्रिज बंद करून ठेवावा लागतो. म्हणू दे.

हे सगळं आबांचं. आबा म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात त्यांची शेड होती, ऑइल इंजिनची दुरुस्ती. त्या वेळचं उद्यमनगर म्हणजे सकाळपासनं नुसतं धुक्‌ धुक्‌ धुक्‌, कुठं लेथ, कुठं ओतकाम, रस्त्यावर वाळू आणि काळं तेल, शाळेतनं येताना चपलेला चिकटायचं. ओतून आलेला भाग घ्यायच्या आधी आबा त्याला हातोडीनं टिचकी मारायचे. टण्ण वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर चीर, परत पाठवायचा, मग समोरचा कितीही गळ्याची शपथ घेऊ दे. पण खरी मजा यायची ती गिऱ्हाईक आलं की. भोगावतीकडनं, राधानगरीकडनं एसटीनं शेतकरी यायचे, इंजिन विहिरीवर, ते काही बरोबर आणता यायचं नाही, मग आणायचं काय तर त्याचा आवाज. चांगला फेटा बांधलेला, मिशा पांढऱ्या झालेला माणूस शेडच्या मधोमध उभा राहायचा आणि तोंडानं इंजिन चालवून दाखवायचा. "धुक्‌ धुक्‌ धुक्‌ फस्स. धुक्‌ धुक्‌ फस्स." सगळी शेड काम थांबवून ऐकायची, कुणीही हसायचं नाही, हसलं तर आबा संध्याकाळी हजेरी घ्यायचे. आबा खाली मान घालून ऐकायचे आणि विचारायचे, "फस्स वरनं का बाजूनं? गरम झाल्यावर का पयल्यापासनं?" तो माणूस पुन्हा चालवायचा, ह्या वेळी गरम झालेलं इंजिन. मग आबा म्हणायचे, "गास्केट गेलंय. पैसे आणलाईसा?"

मला आबा लांब पेचकस द्यायचे. टोक इंजिनच्या झाकणावर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डोळे मिटायचे. बाहेर इतका गोंगाट असतो, पण त्या हाडातनं एकच एक गोष्ट ऐकू येते, वॉल्व्हची टिकटिक नाहीतर बेअरिंगची दबकी धप्‌, आणि पेचकस दोन बोटं सरकवला की दुसरीच दुनिया. आई ओरडायची, पोरीच्या कानाला ग्रीस लागलंय म्हणून. ज्या गावात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवून घेतलं, जिथं १८८३ पासनं गाण्याचा देवल क्लब आहे, तिथं कान तयार असणं काही मोठं नाही म्हणा. आबा देवल क्लबात एकदाच गेले होते, तेही तिथली मोटर बघायला.

तर भाच्याची गाडी.

"थांब, मी येतो," म्हटलं आणि आधी हौदा रिकामा करायला लावला. हे कुणी करत नाही, थेट गाडीखाली घुसतात. हौद्यातनं निघालं काय, तर ताडपत्री, जॅक, त्याचा दांडा, चाकाला लावायचे धोंडे, मंडळाच्या मांडवाचा एक लोखंडी पाईप जो गणपतीपासनं तिथंच होता. सीटखालनं पाण्याच्या बाटल्या. हौद्याखाली लटकलेली स्टेपनी लाथ मारून बघितली, ती घट्ट होती. हे सगळं झाल्यावर पुन्हा स्पीडब्रेकर. खट्‌ कुर्रर्र. बरं. म्हणजे खरंच दुखणं आहे.

एव्हाना गल्ली जमली होती. कोल्हापुरात गाडीचं बॉनेट उघडलं की माणसं कुठनं येतात हे मला कळलेलं नाही, आणि आलेल्या प्रत्येकाला रोग माहीत असतो. शॉकअप गेलं. बेअरिंग गेलं. चाकाचे नट बघा. मी चालत गाडीबरोबर, भाचा पहिल्या गिअरमध्ये, काच खाली. आतनं ऐकून काही उपयोग नसतो, लोखंडातनं आवाज हवेच्या पंधरा पट वेगानं पळतो, तो चेसीभर फिरतो आणि जिथं पातळ पत्रा सापडेल तिथनं बाहेर पडतो. लेकी बोले सुने लागे. खट्‌ होतंय पुढं आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतो मागच्या दाराखालनं येतंय. म्हणून तर ते सगळे सांगतात ना, डावीकडनं, खालनं, कधीतरी.

आमच्या स्पीडब्रेकरचा डावा अर्धाच धड आहे, उजवीकडचा दुचाक्यांनी घासून सपाट केलाय. ह्याचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला. भाच्याला म्हटलं, आता नुसतं डावं चाक चढव. खट्‌. मग त्याला मोठ्या रस्त्यावर नेलं, तिथला ब्रेकर सरळ आडवा आहे, दोन्ही चाकं एकदम चढतात. काही नाही. नुसती कुर्रर्र. म्हणजे बघा, पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक स्टॅबिलायझरचा बार असतो, दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो आपला नुसता झुलतो, त्याला काही काम नसतं. एकच चाक वर गेलं की तो पिळतो आणि त्याच्या टोकाच्या लिंकांवर, त्या जोडणाऱ्या आखूड दांड्यांवर, जोर येतो. गाडी उचलली की त्या बारचा कोन बदलतो, लिंक ज्या तिरकेपणासाठी बनलेलीच नाही तशी उभी राहते, आणि तिच्यातली गोळी सैल व्हायला लागते. खट्‌ मिळालं. मी तिथंच रस्त्यावर कमरेवर हात ठेवून उभी, मागनं रिक्षावाला हॉर्न देतोय, वाजव म्हटलं बाबा.

कुर्रर्रला तर फक्त पाणी लागलं. हौद्यावर दोघांना उभं केलं, वर-खाली झुलवायला लावलं, मी हात पाट्यांवरनं फिरवत शॅकलपर्यंत नेला आणि तिथं तळहाताला ती कुरकुर लागली, कानाच्या आधी हाताला. वहिनीच्या बादलीतला मग घेऊन शॅकलच्या बुशवर, म्हणजे बोल्टाभोवतीच्या रबरी नळीवर, पाणी ओतलं. गप्प. थोडं वाळलं की पुन्हा सुरू. रबर. तेवढ्यात शेजारचे काका घरातनं इंजिन ऑइलची बाटली घेऊन आले, दोन थेंब सोडा म्हणाले, मी त्यांच्या हातातनं बाटलीच काढून घेतली. तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं, चार दिवस आवाज जातो आणि मग बुशच जातो. काकांना राग आला असेल, पण हा विषय माझ्यासाठी भिडेचा नाही.

गाडी ज्यांनी उचलून दिली त्यांच्याकडं न जाता उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. मिस्त्री सगळं भाच्याशीच बोलत होते, "दादा, कधीपासनं? दादा, ब्रेक मारल्यावर येतंय का?" मी उत्तर द्यायची आणि ते मान हलवायचे भाच्याकडं बघून. चालायचंच. मग मी म्हटलं, "शॅकलचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळलेत काय ते बघा." तेव्हा ते वळले. त्यांनी बोल्ट सैल केले, गाडी जॅकवरनं उतरवून चाकांवर उभी केली, हौदा दाबून दोनचार वेळा हलवला आणि मग उभ्या गाडीवर बोल्ट पुन्हा आवळले. बुशचं रबर बोल्ट आवळताना जसं असेल तसं धरलं जातं, गाडी हवेत असताना आवळलं की ती जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं, मग ते जन्मभर कुरकुरणारच. पार्ट काही लागला नाही. लिंकांचा मात्र जोड बदलायला लागला.

मिस्त्रींनी न सांगता एक काम केलं ते मला आवडलं. पुढचं चाक उचलून खाली पहार घातली आणि वरच्या आर्मचा, म्हणजे चाक धरणाऱ्या वरच्या दांडीचा, बॉल जॉइंट किती हलतोय ते बघितलं, मग दुसऱ्या बाजूचा. उचललेल्या गाडीत तो आर्म खाली झुकतो आणि बॉल जॉइंट त्याच्या हद्दीच्या टोकाला जाऊन बसतो, वरचं रबरी टोपणही फाटतं. बाकीचे आवाज घेऊन माणूस वर्षभर फिरू शकतो, हा आवाज घेऊन गगनबावड्याचा घाट उतरायचा नसतो, जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं. जॉइंट चांगले होते. भाचा तेवढ्यात फोनवर कुठल्या तरी टायरचे फोटो बघत होता, ह्याहून मोठे.

गाडी बाहेर काढली, एक चक्कर मारली. खट्‌ नाही, कुर्रर्र नाही. मी आपली समाधानात. मिस्त्रींकडचा हेल्पर, अठरा-एकोणीसचा पोरगा असेल, हौद्याला टेकून उभा होता, तो म्हणाला, "मावशी, ते बारीक चिंऽ कसलं यायलंय?"

"कुठलं चिं?"

"हे काय, हे. आता. आलं बघा."

भाच्यानं मान हलवली, हो आत्या, येतंय. मिस्त्री हसले, "मला न्हाई बा ऐकू येत, चाळीस वर्सं हितं काढल्यात." मी पोराला गाडी पुन्हा हलवायला लावली. पेचकस मागून घेतला, शॉकअपच्या डोक्याला टेकवला, मूठ हाडाला लावली. काही नाही. पोरगा माझ्याकडं बघत होता, येतंय की मावशी.

गोंगाटात काम करणाऱ्याचे बारीक, उंच आवाज आधी जातात, चार हजार हर्ट्‌झच्या आसपास सुरुवात होते म्हणे, आणि वयानंही जातात ते उंचच. जाडे आवाज राहतात म्हणून माणसाला कळतच नाही. आबांना शेवटपर्यंत बेअरिंगची धप्‌ कळायची, पण स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाचा बीप ऐकू यायचा नाही, ते वाजत राहायचं आणि आम्ही हसायचो. नात काही बोलली की नुसते मान हलवायचे. आम्हाला वाटायचं लक्ष नाही.

"आत्या, कान दाखवूया का एकदा?" भाचा गाडीत बसल्यावर म्हणाला.

"बघू," मी म्हटलं. "आधी ते चिं कुठनं येतंय ते त्या पोराला विचारून ये."