तुम्ही विचारलंत म्हणून : पाण्याने न भिजणारे पटल पाणी कसे देते?

समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या जलविरोधी पटलांवर मी काम करते, असे सांगितले की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: जे पटल पाण्याला आत शिरूच देत नाही, त्यातून पाणी मिळते कसे? प्रश्न रास्त आहे, कारण पटल म्हटले की आपल्याला घरातले आरओचे यंत्र आठवते आणि तिथे पटलातून पाणीच ढकलले जाते. आमच्या पटलाचे काम वेगळे आहे. खारे पाणी आणि गोडे पाणी यांच्यामध्ये हवेचा एक अगदी पातळ थर धरून ठेवणे, एवढेच त्याने करायचे असते.

टेफ्लॉनसारख्या पदार्थाच्या या पटलाला साधारण 0.2 मायक्रोमीटर व्यासाची असंख्य छिद्रे असतात. एका बाजूने 60 अंश सेल्सिअसचे खारे पाणी वाहते, दुसऱ्या बाजूने 20 अंशांचे गोडे. 60 अंशांना पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, सुमारे 20 किलोपास्कल असतो, 20 अंशांना जेमतेम 2.3, या फरकामुळे वाफ छिद्रांतून पलीकडे जाते आणि तिथे तिचे पुन्हा पाणी होते. मिठाची वाफ होत नाही, म्हणून ते मागेच राहते.

छिद्राच्या तोंडाशी काय घडते ते अळूच्या पानावर पाहता येते. अळवावरचे पाणी आपण क्षणभंगुर मानतो, पण मला त्यातले पान अधिक विलक्षण वाटते, कारण थेंब त्याला टेकतो आणि तरी पसरत नाही. टेफ्लॉनवर पाण्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, सुमारे 110 अंश असतो, त्यामुळे छिद्राच्या तोंडाशी पाणी फुगवटा धरून थांबते. 0.2 मायक्रोमीटरच्या छिद्रात ते घुसवायचे तर हिशेबाने जवळजवळ 5 बार (1 बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) लागतात, आणि छिद्र पाचपट मोठे असेल तर केवळ 1 बार पुरतो. म्हणूनच पटल निवडताना मी छिद्रांच्या सरासरीपेक्षा सर्वांत मोठ्या छिद्राची चौकशी आधी करते.

मग हे तंत्र सगळीकडे का नाही? उष्णतेमुळे. हजार लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 650 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते; तिचा काही भाग परत मिळवता येतो, पण समुद्राच्या तेवढ्याच पाण्यासाठी आरओला 3 ते 4 युनिट वीज पुरते. चेन्नईजवळच्या मिंजूरला 2010 मध्ये दररोज 10 कोटी लिटर क्षमतेचा आरओ प्रकल्प सुरू झाला, आणि त्या जागी मीसुद्धा आरओच सुचवले असते. मात्र आरओला पाण्याच्या परासरण दाबावर, म्हणजे खारे पाणी गोडे पाणी ज्या जोराने आपल्याकडे ओढते त्यावर, मात करावी लागते. साध्या समुद्रजलाचा हा दाब सुमारे 27 बार असतो आणि क्षार वाढतील तसा तो वाढत जातो, त्यामुळे आरओतून उरलेले दाट खारे पाणी पुन्हा त्याच वाटेने नेणे फार कठीण होते. क्षारांमुळे बाष्पदाब मात्र थोडाच घटतो. असे दाट पाणी आणि जवळच कारखान्याची वाया जाणारी उष्णता, अशा ठिकाणी आमचे पटल खरोखर उपयोगी आहे.

दुर्दैवाने कारखान्याच्या सांडपाण्यात तेल आणि साबणासारखी द्रव्येही असतात, आणि ती पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याला छिद्राच्या तोंडाशी फुगवटा धरायला लावणारा पृष्ठभागाचा ताण, कमी करतात. सुरुवातीच्या काळात मी एक चंचुपात्र नीट न खंगाळता वापरले होते. तासाभरात गोड्या पाण्याची विद्युतवाहकता चढू लागली, म्हणजे त्यात मीठ मिसळत होते. पटल कुठेही फाटलेले नव्हते, तरी साबणाच्या अंशामुळे काही छिद्रे भिजली होती आणि खारे पाणी सरळ पलीकडे जात होते. एकदा भिजलेले छिद्र आपोआप कोरडे होत नाही. पटल काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावे लागते, आणि छिद्रात मिठाचे स्फटिक अडकले असतील तर तेवढ्यानेही भागत नाही.

यावर उपाय म्हणून पाणी आणि तेल दोन्ही झिडकारणारी पटले तयार केली जातात. त्यांच्या पृष्ठभागावर अळंबीच्या छत्रीसारखे आत वळलेले सूक्ष्म उंचवटे घडवतात आणि वर फ्लोरीनयुक्त लेप देतात. ती चांगली चालतात, पण अशा लेपांतली कित्येक संयुगे निसर्गात विघटित होत नाहीत, आणि पिण्याचे पाणी देणाऱ्या वस्तूत ती असावीत हे माझ्या मनाला पटत नाही. म्हणून सध्या मी फ्लोरीनविरहित लेप तपासते आहे. मेणासारख्या लेपावर पाणी छान थांबते. तेल मात्र अजून पसरते.