लूक पंधरा, दीड मिनिटात

‘‘मावशी, हे तारण तारण काय चाललंय? सोनेतारण कर्जाची जाहिरात आहे का?’’

आमची पहिली क्लिप पाहून भाच्याच्या मित्राने हे विचारलं. पोरगा चेष्टा करत नव्हता. नगरमध्ये कुठल्याही रस्त्याने जा, पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोनेतारण’ लिहिलेलं दिसतं. त्याने तो शब्द तिथेच वाचलेला. मी मात्र जन्मल्यापासून दर रविवारी उपासनेत ‘तारण’ ऐकत आले आहे, पापातून सुटका या अर्थाने. चर्चच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की तो शब्द थेट पतसंस्थेत जातो, हे मला शेहेचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

हे काम माझ्या गळ्यात पडलं जानेवारी 2025 मध्ये. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या, सभेत ठराव झाला की तरुण पोरं मोबाईलवर असतात, तेव्हा वचनही मोबाईलवर गेलं पाहिजे. ठराव एकमताने मंजूर. एकमताने झालेल्या ठरावाचं काम नेहमी एकट्यालाच करावं लागतं. ‘‘तुम्ही शिक्षिका, तुम्हाला बोलायची सवय,’’ असं म्हणून सगळे चहाकडे वळले. 5 मार्चला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात, आणि 20 एप्रिलला ईस्टर. तेवढ्या दिवसांत ‘काहीतरी’ करायचं. हातात चार हजार रुपये, माझा फोन, आणि एकोणीस वर्षांचा भाचा, ज्याला एडिटिंग येतं असं त्याच्या आईचं म्हणणं होतं.

सुरुवात आम्ही सगळे करतात तशीच केली. मागच्या बाकावर ट्रायपॉड उभा करून पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, उपदेश रेकॉर्ड केला. अडतीस मिनिटं. त्यात पंख्याची घरघर, एका बाळाचं रडणं आणि दूरवर पाळकसाहेब. एकसष्ट जणांनी पाहिला, त्यात माझ्या आईने तीनदा. मग भाच्याने त्यातली नव्वद सेकंदं कापून काढली, खाली अक्षरं आपोआप उमटतील अशी सोय केली. त्या सोयीने ‘पाळकसाहेब’चं ‘पालकसाहेब’ करून टाकलं आणि वर सोनेतारणाचा तो प्रश्न आला.

त्या रात्री स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून मी एका जुन्या वहीच्या पाठीमागे आमच्या घरच्या शब्दांची यादी केली. साक्ष : बाहेरच्याला कोर्ट आठवतं. मंडळी : यांच्या मित्रांच्यात मंडळी म्हणजे बायको. सुवार्ता, कृपा, वचन, ओझं, कळप. यातला एकही शब्द चुकीचा नाही. आम्ही त्यांच्यावर वाढलो, आमच्या मयताला तेच शब्द धीर देतात. पण दीड मिनिटात ते समजावून सांगायला वेळ नसतो, आणि समजावायला लागलं की माणूस अंगठ्याने वर सरकवतो.

ती वही आजोबांची होती, म्हणून तर हे सगळं पुढे घडलं. पाठीमागून लिहिता लिहिता मी पुढून चाळायला लागले. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, आणि सुट्टीत गावोगाव कीर्तन करायचे. पांढरा फेटा, हातात झांज, साथीला पेटी-तबला. नगर भागात ख्रिस्ती कीर्तन नवीन नाही, एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ते इथे रुजवलं. वहीत साकी, दिंडी, आर्या, पदं, सगळं शाईने लिहिलेलं. एका पानावर ‘लूक 15 – हरवलेलं’, म्हणजे बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. तीन गोष्टी : मेंढरू, नाणं, मुलगा. शब्द शोधत मी पाच पानं वाचली. ‘तारण’ एकदाही नाही. शेवटच्या ओळीत फक्त ‘सापडला’.

हा प्रश्न आजोबांच्याही आधीचा आहे म्हणा. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले ते लिस्बनहून. 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला त्यांचं मराठी क्रिस्तपुराण छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्या, आणि स्वर्गाला शब्द वापरला वैकुंठ. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणं वाचायला बंदी होती, कान मात्र ओवीला सोकावलेले. तर त्यांना ओवीतच दिलं. ‘हरळांमाजी रत्नकिळा’ आपण शाळेत पाठ केलं, पण ते कुठल्या ग्रंथात आहे हे माझ्या शाळेतल्या निम्म्या सहकाऱ्यांना मीच सांगितलं. पुढे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनीही अभंग आणि भजनंच धरली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. त्यांनी अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. एवढं सगळं घरात असताना आम्ही मागच्या बाकावर ट्रायपॉड लावून बसलो होतो.

ठरलं. लूक पंधरा, आजोबांच्या चालीवर, दीड दीड मिनिटाचे भाग.

कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असतं, उत्तररंगात आख्यान. आमची पहिली चूक ही की आम्ही आख्यान कापलं आणि निरूपण ठेवलं, कारण ‘संदेश’ त्यात असतो असं आम्हाला वाटत होतं. भाच्याने उलटं सुचवलं. ‘‘मावशी, गोष्ट ठेव. बाकीचं उडव.’’ मला राग आला. मग आजोबांच्या वहीत पाहिलं : निरूपण सव्वा पान, आख्यान पावणेचार.

नाण्याचा भाग आधी केला, कारण तो स्वयंपाकघरात करता येत होता. शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्या बाईकडे दहा नाणी असतात, एक हरवतं, ती दिवा लावून घर झाडते. आजोबांनी नाणं म्हटलंच नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी गळून पडली. मी ते आमच्या शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं, तर त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला. तोच हात आम्ही शूट केला. चेहरा नाही, फक्त गळ्याशी गेलेला हात, मग केरसुणी, मग जमिनीवरचा दिव्याचा उजेड.

मेंढराच्या भागासाठी खऱ्या मेंढ्यांचा आवाज हवा होता. पारनेरच्या बाजूला कांदा निघालेल्या एका वावरात मेंढ्या बसवल्या होत्या. संध्याकाळी आम्ही तिथे पोचलो तेव्हा वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं, लावायचं काम चाललं होतं. मी म्हाताऱ्या मेंढपाळबाबांना गोष्ट सांगितली : शंभर मेंढरं, एक हरवलं, नव्याण्णव रानात सोडून हा एकाच्या मागे गेला.

‘‘रानात सोडून?’’ बाबा म्हणाले. ‘‘कोन सोडतंय? येडं हाय का ते?’’

मी गप्प. लहानपणापासून ही गोष्ट ऐकते, मला कधी हा प्रश्न पडला नव्हता. बाबा विचार करून म्हणाले, ‘‘कुत्री आसत्याल. न्हायतर भाऊ आसंल संगट.’’ मग थोडं थांबून, ‘‘पर जातंय मानूस. रातीला आई वरडत ऱ्हाती, झोप लागू देत न्हाई.’’ आई म्हणजे हरवलेल्या कोकराची आई. शास्त्रात ही आई नाही. आम्ही तिचा आवाज घेतला, दहा-बारा सेकंद नुसतं ओरडणं, त्यावर एकही शब्द नाही. कॉलर माईक काकडीच्या वेलासारखा मेंढीजवळ सोडायची कसरत भाच्याने केली, आणि माईकचा स्पंज मेंढीने खाल्ला.

तिसरी गोष्ट उधळ्या पुत्राची, बापाकडून वाटणी घेऊन ती उडवणाऱ्या धाकट्या मुलाची, आणि तिथे गाडी अडली. मुलगा परत येतो तेव्हा बाप पुष्ट वासरू कापून मेजवानी करतो. उपासनेत हे वाचताना आम्हाला काही वाटत नाही. पण 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतरच्या महाराष्ट्रात, कीर्तनाच्या चालीवर, शेजारपाजारच्यांच्या मोबाईलवर हे जाणार, म्हटल्यावर पंचांच्या बैठकीत दीड तास गेला. एक ज्येष्ठ पंच म्हणाले, शास्त्राचा एक शब्द बदलायचा नाही. दुसरे म्हणाले, मग ही गोष्टच नको. मी वही पुढे केली. आजोबांनी लिहिलं होतं, ‘पंक्ति वाढिल्या, वाजंत्री लाविली’. वासराचं नाव नाही. शास्त्र वाचायचं तेव्हा जसं आहे तसं वाचायचं, कीर्तन करायचं तेव्हा पंगत वाढायची, असा तोडगा निघाला. मला तो पळवाटेसारखा वाटला नाही, आजही वाटत नाही. त्या पंचांना वाटला, आणि त्यांनी तसं इतिवृत्तात लिहून घेतलं.

त्याच बैठकीत सिनेमासारखं हे कशाला, असाही सूर निघाला. माझ्या लहानपणी आमच्या गावात समाजमंदिराच्या भिंतीवर चादर ताणून ‘दयासागर’ दाखवला होता. मूळ 1978 चा तेलुगू चित्रपट, आमच्यापर्यंत हिंदीतून आला. सगळं गाव आलं होतं, आणि वधस्तंभाच्या प्रसंगाला आमच्यापेक्षा शेजारच्या आळीतल्या बायका जास्त रडल्या. मी बैठकीत दादासाहेब फाळक्यांचंही सांगितलं. त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण दिसू लागले, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. ‘‘म्हणजे आपल्या सिनेमाचा फायदा त्यांना झाला,’’ असं एक जण म्हणाले. मी म्हटलं, कीर्तन आपण त्यांच्याकडून घेतलंय, फिटंफाट. पाळकसाहेब हसले आणि चहा मागवला. ठराव पास.

मग तांत्रिक भानगड. पहिल्या भागाच्या शेवटी पेटीवाल्या मामांनी टिळकांच्या एका भजनाच्या दोन ओळी म्हटल्या होत्या. टाकल्यावर तासाभरात फोनवर इंग्रजीत सूचना : या गाण्यावर एका कंपनीचा हक्क आहे. मामा घाबरले, पोलीस येतील का म्हणून विचारू लागले. ज्यांना पुढे असं होईल त्यांच्यासाठी सांगते. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी शब्द सगळ्यांचे होतात, आणि टिळक 1919 मध्ये वारले. पण कुणी त्याच भजनाची स्वतःची ध्वनिफीत काढली असेल तर ती ध्वनिफीत त्यांची. आमचे शब्द मोकळे, चाल जुनी, गळा मामांचा. यूट्यूबवर त्या सूचनेखालीच हरकत घ्यायची सोय असते. तिथे मी हेच तीन मुद्दे लिहिले आणि मामा गातानाचा मूळ व्हिडिओ जपून ठेवला. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात. एकोणतिसाव्या दिवशी दावा मागे घेतला गेला. तोवर ईस्टर होऊन गेला होता. व्हॉट्सॲपवर तोच भाग केव्हाच फिरत होता, तिथे कुणी विचारलं नाही.

आकडे सांगण्यासारखे नाहीत. मेंढीचा भाग सगळ्यात जास्त पाहिला गेला, आणि आमच्या अंदाजाने त्यातले बरेचसे मेंढीसाठीच आले. एकाने निरोप पाठवला की कीर्तन आमचं आहे, तुम्ही ते का वापरता. मी त्याला स्टीफन्सपासून सुरू करून लांब उत्तर लिहिलं, मग पुसलं, आणि आजोबांचा फेट्यातला फोटो पाठवला. त्याने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. त्याचा अर्थ मी लावत बसले नाही.

शेवटचा भाग थोरल्या भावाचा. तो आम्ही आधी घेतलाच नव्हता, बाप धावत येतो तिथे गोष्ट संपवली होती. पण वहीत पुढे अर्धं पान होतं. थोरला शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो, अंगणात थांबतो, आत येत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. मामांनी ते पेटीशिवाय म्हटलं, अंगणात उभं राहून, मागे घरातून पंगतीचा आवाज. वर काही लिहिलं नाही, खाली काही लिहिलं नाही.

सोमवारी शाळेत मधल्या सुट्टीत आमच्या एक मॅडम डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या घरी माळकरी परंपरा, सासरे दरवर्षी वारीला जातात. त्यांनी विचारलं, ‘‘मॅडम, तो मोठा आत गेला का हो शेवटी?’’

‘‘लिहिलेलं नाही.’’

‘‘असं कसं लिहिलेलं नाही?’’ त्या चिडल्याच. ‘‘एवढं सगळं लिहिलं आणि तेच नाही लिहिलं?’’

त्यांच्या घरात दोन दिरांची वाटणी तीन वर्षं तलाठी आणि तहसीलच्या चकरांत अडकली आहे, हे सगळ्या स्टाफरूमला माहीत आहे. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच डब्यात ठेवला.

‘‘ती क्लिप परत पाठवा बरं मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्याकडून डिलीट झाली.’’