टप्पा नेमका कुठे पडला?

माझ्या मुलीची टेबल टेनिसची लांब सर्व्हिस नेटवरून फार उंच जायची. सरांचं सांगणं एकच: पहिला टप्पा आपल्याच बाजूच्या मागच्या कडेजवळ पाड. "तिथेच पडतोय गं आई!" ती म्हणायची. मला काही दिसायच्या आत चेंडू पलीकडे गेलेला असायचा. मग कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या टेबलालाच विचारायचं ठरवलं.

टप्प्याची लहर चार कोपऱ्यांना वेगवेगळ्या क्षणी पोहोचते. दोन कोपऱ्यांतला वेळेचा फरक कळला की टप्पा अपास्त नावाच्या एका वक्रावर कुठेतरी असतो (अकरावीत शिकलेला अपास्त इतक्या वर्षांनी असा भेटला!), आणि असे अपास्त जिथे छेदतात तिथे चेंडू पडलेला असतो.

आधी साधे माईक लावले. पंखा, मुलांचा आरडाओरडा, सगळं त्यांना ऐकू यायचं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या दुकानदार काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, हवेतला आवाज कशाला पकडताय? पायझो न्या, टेबलाला खालून चिकटवा." पायझो म्हणजे कंप बसला की व्होल्टेज देणारी पितळेची चकती. त्या चार चकत्यांनी निम्मं काम सोपं केलं. प्रत्येकीला समांतर १ मेगाओमचा रेझिस्टर आणि ५.१ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर रोखणारा डायोड) जोडला, कारण जोराच्या ठोक्याला पायझो मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे चकत्या वाचणाऱ्या छोट्या संगणक-चिपला, झेपणार नाही इतका व्होल्टेज देऊ शकतो.

आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर चारही चकत्या अ‍ॅनालॉग पिनांवर वाचत होते. एका वाचनाला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात आणि वाचन एकामागून एकच होतं. चौथीची पाळी येईपर्यंत लहर वीतभर पुढे गेलेली! म्हणून मध्ये एलएम३३९ कंपॅरेटर (सिग्नल ठरलेल्या पातळीवर गेला की लगेच आउटपुट बदलणारी चिप) घातला, त्याची चारही आउटपुटं एकाच पोर्टवर, म्हणजे एकत्र वाचता येणाऱ्या पिनांच्या गटावर घेतली आणि पिन-चेंज इंटरप्टमध्ये (पिन बदलताच बाकी काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) टायमरची वेळ टिपली. घड्याळ अर्ध्या मायक्रोसेकंदाचं झालं.

तरीही उत्तर वीतभर चुकायचंच. दोन आठवडे कोडमध्ये चूक शोधत होते, पण चूक माझ्या गृहीतकात होती. मी लाकडातला वेग एकच धरला होता. जवळच्या चकत्यांवरून वेग सेकंदाला ८०० मीटर निघायचा, लांबच्यांवरून जेमतेम ५००. फळी वाकत जाणारी लहर पसरत जाते: जास्त वारंवारतेचा भाग पुढे धावतो, पण तो क्षीण असतो. जवळच्या चकतीला तो पुरेसा जोरकस मिळतो. लांबच्या चकतीपर्यंत तो विरतो, आणि कंपॅरेटर मागून येणाऱ्या संथ भागावर उठतो.

मग सूत्र बाजूला ठेवलं. अर्ध्या टेबलावर खडूने दर २० सेंटिमीटरला रेघा मारल्या. ६ गुणिले ७, एकूण ४२ ठिकाणं; प्रत्येकावर ३० सेंटिमीटरवरून पाच वेळा चेंडू सोडला. प्रत्येक ठिकाणचे वेळेचे फरक साठवले. नवा टप्पा आला की सर्वांत जवळचे तीन नमुने शोधायचे आणि त्यांच्यामधली जागा काढायची. मधल्या भागात चूक ५-६ सेंटिमीटरवर आली. कडेला ती अजून जास्त आहे, कारण तिथे परत फिरलेली लहर मूळ लहरीत मिसळते. मागची कडच तर आम्हाला हवी होती, म्हणून तिथे दर १० सेंटिमीटरला आणखी एक रांग घेतली.

लॅपटॉपवर पहिले तीस टप्पे उमटले तेव्हा मुलगी बराच वेळ बघत राहिली. बहुतेक ठिपके कडेपासून हातभर आत होते. काही न बोलता ती मागे सरकली आणि पुन्हा सर्व्हिस करू लागली.