पहिलं वेबपेज मराठीतच करा

वेब डेव्हलपमेंट शिकायला बसलं की पहिला प्रश्न भाषेचा येतो: पायथन घेऊ, जावा घेऊ की जावास्क्रिप्ट? ब्राउझरमध्ये चालणारं पान करायचं असेल तर निवडीला फारशी जागाच नाही. सांगाडा एचटीएमएलचा, रूप सीएसएसचं, हालचाल जावास्क्रिप्टची. रिॲक्ट, नोड वगैरे जावास्क्रिप्टवर उभी असलेली साधनं नंतर. डेक्कन किंवा कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या क्लासची फी भरण्याआधी या तिघांत एक पान स्वतःच्या हातानं पूर्ण करा, आणि ते मराठीत करा, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी मजकुरात ज्या चुका महिनोन्महिने लपून राहतात, त्या देवनागरीत पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर येतात. त्या निस्तरताना कॉम्प्युटर अक्षर कसं साठवतो ते पक्कं कळतं.

विषय साधा घ्या. सदाशिव पेठेतल्या एखाद्या मेसचं पान: नाव, वेळ, आजची भाजी, थाळीचा भाव आणि डबा लावणाऱ्यांसाठी छोटा फॉर्म. महिनाभराचा अभ्यास यात आरामात होतो.

व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर उतरवून घ्या, एक नवं फोल्डर करा आणि त्यात इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल बनवा. नोटपॅडमध्ये केलीत तर एक घोळ हमखास होतो. विंडोज फाइलचं एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे नावापुढे एचटीएमएल दिसत असलं तरी त्याच्याही पुढे टीएक्सटी चिकटलेलं असतं आणि डबल क्लिक केल्यावर पानाऐवजी नुसता कोड उघडतो. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत जाऊन फाइल एक्स्टेन्शन दाखवायची खूण आधी करून टाका.

आता हेड टॅगच्या (टॅग म्हणजे कोनी कंसातली खूण) आत सगळ्यात वर मेटा टॅग लिहा आणि त्यात कॅरसेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ द्या. "सगळ्यात वर" याला कारण आहे: ही सूचना फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये (बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक साठवलेला आकडा) असावी असा एचटीएमएलचा नियमच आहे. एकदा ती मुद्दाम काढून पाहा. स्वतःच्या मशीनवर ब्राउझर बऱ्याचदा अंदाजानं बरोबर ओळखतो, पण काही सर्व्हरवर तीच फाइल ठेवली की "पुणे" या शब्दाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए, मधे येनचं चिन्ह, पुढे पौंडाचं चिन्ह असा खिचडा दिसतो. हा खिचडा नीट वाचता येतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं असतं. "प"चे बाइट्स २२४, १६४, १७०. "ण"चे २२४, १६४, १६३. जुन्या पाश्चात्त्य सांकेतिक पद्धतीत २२४ म्हणजे तो रेघवाला ए आणि १६३ म्हणजे पौंड. उकार आणि मात्रा यांचा दुसरा बाइट १६५, म्हणजे येन. फाइल शाबूत आहे, वाचणारा चुकीच्या तक्त्यातून वाचतोय, एवढंच झालेलं असतं. नवशिक्या माणूस इथे घाबरून सगळं पुन्हा टाइप करतो. त्याची गरज नाही.

पुण्यात याच्याशी मिळताजुळता दिसणारा, पण वेगळा असा दुसरा घोळ भेटतो. मेसचं जुनं मेन्यूकार्ड डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत केलेलं असतं. श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, पुण्याचंच. त्या जुन्या फाइलमधला मजकूर कॉपी करून पानात टाकला की विचित्र रोमन अक्षरं उमटतात, आणि कॅरसेट कितीही बदलला तरी ती सुधारत नाहीत. कारण त्या फाइलमध्ये खरोखरच रोमन अक्षरांचे क्रमांक साठवलेले आहेत. मराठी दिसत होतं ते फक्त फॉन्टच्या चित्रांमुळे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक तक्त्यात, देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक स्वतंत्र दिलेले आहेत. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढून घ्यावा लागतो, आणि नंतर जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

एचटीएमएल टॅगला लँग ॲट्रिब्यूट (भाषा सांगणारा गुणधर्म) द्या आणि त्याची व्हॅल्यू रोमन लिपीत एम-आर अशी दोन छोटी अक्षरं ठेवा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे आणि मराठी वळणाचे "ल" आणि "श" दोन्ही असतात; कुठले वापरायचे ते या ॲट्रिब्यूटवरून ठरतं. रोबोटोसारख्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, तिथे ब्राउझर मशीनवरचा पर्यायी फॉन्ट उचलतो. म्हणून तेच पान विंडोजवर एक दिसतं आणि अँड्रॉइडवर दुसरंच.

सीएसएसमध्ये ओळीची उंची १.६ ते १.८ ठेवा. इंग्रजीसाठी लिहिलेल्या काही नमुन्यांत ती १.२ च्या आसपास असते, आणि मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. शीर्षकाला लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेखा तुटते.

खरी मजा जावास्क्रिप्टमध्ये आहे. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोल (जावास्क्रिप्टची ओळ तिथल्या तिथे चालवून पाहायची जागा) उघडा आणि "विद्यार्थी" या शब्दाची लेंग्थ विचारा. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, उत्तर येतं १०: व, वेलांटी, द, हलंत, य, काना, र, हलंत, थ, वेलांटी. फॉर्ममध्ये नावाच्या चौकटीला मॅक्सलेंग्थ १० दिलीत तर "विद्यार्थी"लाच ती भरली. पहिली चार चिन्हं कापून घेतलीत तर हातात "विद्" येतं.

विलोमपद, म्हणजे उलटं वाचलं तरी तेच राहणारा मजकूर, ओळखणारा प्रोग्रॅम हा प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. तो "रामाला भाला मारा" या वाक्यावर चालवा. प्रचलित रीत अशी: मोकळ्या जागा काढायच्या, स्प्लिटनं तुकडे करायचे, रिव्हर्स करायचं, जॉइननं जोडायचं, मूळ स्ट्रिंगशी (म्हणजे मजकुराशी) ताडून पाहायचं. उत्तर फॉल्स येतं. १४ चिन्हं उलटी केल्यावर सुरुवात रिकाम्या कान्यानं होते आणि तो टेकायला व्यंजन नसल्यामुळे ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसतो. प्रोग्रॅमचं तर्कशास्त्र बरोबर आहे, तुकडे चुकीच्या जागी पडलेत. स्प्लिटऐवजी जावास्क्रिप्टच्या इंटल-मधला सेगमेंटर (मजकुराचे तुकडे करणारं साधन) वापरा, ग्रॅन्युलॅरिटी ग्राफीम, म्हणजे डोळ्यांना दिसणारं एक अक्षर, ठेवा. मग रा, मा, ला, भा, ला, मा, रा असे सात तुकडे होतात आणि उत्तर ट्रू येतं. "ती होडी जाडी होती" हेही तपासा. जोडाक्षरं असलेल्या शब्दांत मात्र जरा जपून: जुने ब्राउझर "क्षी"चे "क्" आणि "षी" असे दोन तुकडे करतात, अलीकडचे एकत्र ठेवतात.

आकड्यांचं तसंच. फॉर्मच्या चौकटीतून आलेली व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग असते, त्यामुळे ९० आणि ९० यांच्यात अधिक चिन्ह घातलं की १८० ऐवजी ९०९० मिळतात. गुणाकार मात्र बरोबर येतो, म्हणून चूक उशिरा सापडते. आधी नंबरमध्ये बदलून घ्या. पण वापरणाऱ्यानं साध्या टेक्स्टच्या चौकटीत देवनागरी "९०" टाइप केलं तर नंबर फंक्शन एनएएन ("हा आकडा नाही") देतं, कारण त्याला फक्त इंग्रजी अंक समजतात. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे. प्रत्येक अंकाच्या कॅरेक्टर कोडमधून २४०६ वजा करा, अंक हातात. उलट दिशेला टू-लोकेल-स्ट्रिंग फंक्शनला मराठी-भारत लोकेल (भाषा आणि देशाची खूण) दिलं की सव्वा लाख आपोआप १,२५,००० असे छापले जातात, स्वल्पविरामांसकट.

शोधाची चौकट ठेवणार असाल तर दोन अक्षरांकडे लक्ष द्या. "दुसऱ्या"तला "ऱ" एका क्रमांकानं लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता असा दोन क्रमांकांनी. दिसायला दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे. नॉर्मलाइझ फंक्शन दोघांना एक करतं. "ॲप"चा "ॲ" मात्र एका क्रमांकाचाही असतो आणि "अ" अधिक चंद्र असाही, आणि नॉर्मलाइझ त्यांना एक मानत नाही. इथे रिप्लेस तुम्हालाच लिहावा लागतो.

पान पूर्ण झालं की गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर पब्लिक रिपॉझिटरी (सगळ्यांना दिसणारं फोल्डर) करून गिटहब पेजेसवर फुकट टाकता येतं. फाइलींची नावं रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत, मोकळ्या जागेविना ठेवा. विंडोज कॅपिटल आणि स्मॉल यांत फरक करत नाही, तिथला सर्व्हर करतो, आणि घरी दिसणारा थालीपिठाचा फोटो तिथे गायब होतो. फाइलला "पुणे" असं मराठी नाव दिलंत तरी पान उघडेल, पण लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की त्या दोन अक्षरांच्या जागी टक्केचिन्हांनी भरलेली ३६ चिन्हांची माळ येते: चार चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट्स, प्रत्येक बाइटला तीन जागा.