यादीतल्या आडव्या रेघा

जेवणानंतरच्या दुपारी वाचायला विजेत्यांच्या यादीसारखं दुसरं काही नाही. डोकं चालवावं लागत नाही आणि झोपही लगेच येत नाही. त्यातही कोलकाता फुटबॉल लीगची यादी खास, कारण ती १८९८ पासूनची आहे. आशियात याहून जुनी लीग नाही. बहुतेक लोक ती मोजण्यासाठी वाचतात. ईस्ट बंगाल २०१७ पर्यंत ३९, मोहन बागान २०१८ पर्यंत ३०, मोहमेडन स्पोर्टिंग २०२३ पर्यंत १४. मोजून झालं की भांडायला मोकळे. पण या यादीतली खरी मजा मोजण्यात नाही. ती एकुलत्या एक नावांत आहे, आणि नावाच्या जागी मारलेल्या आडव्या रेघांत.

सुरुवातीची तीसेक वर्षं वाचताना छावणीचं हजेरीपत्रक उघडल्यासारखं वाटतं. पहिली ग्लॉस्टरशायर रेजिमेंट, मग रॉयल आयरिश रायफल्स, गॉर्डन हायलँडर्स, ब्लॅक वॉच. अधूनमधून कॅलकटा एफसी आणि डलहौसी, म्हणजे साहेबांचे क्लब. पलटणींची नावं एक-दोन वर्षं दिसतात आणि गडप होतात, ती खेळ बिघडला म्हणून नव्हे, तर बदली झाली म्हणून. पलटण दुसऱ्या छावणीत गेली की संघही गेला. आपल्याकडे मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स कपाच्या जुन्या विजेत्यांचीही हीच तऱ्हा. भारतीय क्लबांना लीगच्या पहिल्या श्रेणीचं दार पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उघडलं, तेही एका वेळी दोघांपुरतंच. १९२५ मध्ये ईस्ट बंगाल वर आलं तेव्हा ही अट गेली.

मोहन बागानने १९११ मध्ये अनवाणी खेळून आयएफए शील्ड जिंकली, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांची पहिली लीग मात्र १९३९ ची. मध्ये २८ वर्षं गेली, हे फारसं कुणी सांगत नाही. शील्ड बाद पद्धतीची. हातावर मोजण्याइतके सामने अंगात आल्यासारखे खेळले की झालं. लीग पावसाळाभर चालते. कोरड्या मैदानावर अनवाणी खेळाडू बूटवाल्याला वळणावर सहज चकवतो. पण मैदानाची माती चिकट. पाऊस पडला की पाय पकड घेत नाही, आणि त्या काळचा शिवणीचा चामडी चेंडू पाणी पिऊन जड होतो. तो उघड्या पायाने लांब मारायचा म्हणजे पाय सुजवून घेणं. मोहमेडन स्पोर्टिंगने हे ओळखलं. ओल्या मैदानावर बूट घातले, बंगालबाहेरून, हैदराबाद-बंगळूरकडून खेळाडू आणले, आणि वरच्या श्रेणीत आल्याबरोबर १९३४ मध्ये लीग जिंकली. ती जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. नंतर १९३८ पर्यंत सलग पाच. इतका ढळढळीत धडा समोर असूनही भारताचे बरेच खेळाडू १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अनवाणीच उतरले आणि युगोस्लाव्हियाकडून १०-१ ने हरलो. बूट सक्तीचे झाले ते त्यानंतर.

लीग कुठे हरली जाते, याबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. सगळं लक्ष ईस्ट बंगाल–मोहन बागान सामन्याकडे. पण जुन्या हिशेबात विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. त्यामुळे एरियन किंवा जॉर्ज टेलिग्राफशी भर पावसात झालेली गोलशून्य बरोबरीही मोठ्या सामन्यातल्या बरोबरीएवढीच महाग पडे. लहान संघाची कृती सोपी: नऊ जण मागे, चेंडू आला की बाहेर, गोलकीक घ्यायला शक्य तितका वेळ. उरलेलं काम चिखल करतो. अशा दोन-तीन दुपारी झाल्या की विजेतेपद गेलंच.

म्हणून १९५८ च्या ओळीवर थांबावंच लागतं. ईस्टर्न रेल्वे. प्रशिक्षक बाघा सोम, खेळाडूंत पी. के. बॅनर्जी. पी. के. रेल्वेत नोकरीला होते आणि खेळाडू म्हणून तीन बड्यांपैकी कुणाकडेच गेले नाहीत. आता यादीत बोट खाली न्या. १९७० ते १९७५ सलग सहा वर्षं ईस्ट बंगाल. त्यांतल्या १९७२ पासूनच्या चार वर्षांत प्रशिक्षक पी. के. ते १९७६ मध्ये मोहन बागानकडे गेले आणि त्या वर्षी लीगही तिकडे गेली. त्याच मोसमात अकबरने ईस्ट बंगालवर १७ व्या सेकंदाला गोल केला. गॅलरीत लोक अजून बसतच असतील. यादीत क्लबांची नावं छापतात. प्रशिक्षकांची छापली तर हिशेब अधिक खरा होईल, असं आपलं माझं मत.

ईस्टर्न रेल्वेनंतर तीन बड्यांबाहेरचं नाव यायला २०१९ उजाडलं: पीअरलेस, एका बचत कंपनीचा संघ. मोसमाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी आपला सामना जिंकला, आणि ईस्ट बंगालचा मैदानात पाणी साचल्याने झालाच नाही. पावसाने आपला हक्क सोडला नव्हता. तोवर बडे क्लब देशपातळीच्या स्पर्धांत गुंतले होते. ईस्ट बंगालने २०१० ते २०१७ सलग आठ लीग जिंकल्या, पण जुन्या सहांइतका त्यांचा गवगवा होत नाही.

राहिल्या रेघा. १९३० मध्ये सविनय कायदेभंगामुळे लीग अर्धवट राहिली. १९४७ मध्ये दंगली. २०२० ची रेघ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. अजूनही आहेत, पण नजर अडते १९८० वर. १६ ऑगस्टला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल–मोहन बागान लीगचा सामना होता. मैदानावर दोन खेळाडूंची जुंपली, ती गॅलरीत पसरली. दोन्हीकडचे समर्थक एकमेकांत मिसळून बसलेले. मारामारी, दगडफेक, मग पळापळ आणि चेंगराचेंगरी. १६ माणसं गेली. सामना बघायला आलेली. तेव्हापासून १६ ऑगस्टला कोलकात्यात त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान होतं.

१९८१ ची लीग मोहमेडनने जिंकली. त्यानंतरची त्यांची थेट २०२१ ची.